दीड आण्याची जकात

दहा पौंडांचे सुताचे बंडल. १९२७ साली सोलापूरच्या साखर पेठेतल्या मागवाल्याला जगाचा व्यापार दिसायचा तो एवढाच. बंडलावर नंबर असे: वीस, तीस, चाळीस. वीस नंबरी सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या वीस लड्या. नंबर जितका चढा, तितके सूत बारीक. बंडल घरी आले की घरातल्या बायका लड्या सोडवून रहाटावर कांड्या भरायला बसत. घरधनी जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे, दोरी ओढली की धोटा या काठाकडून त्या काठाकडे धावे आणि नऊवारी लुगडे बोटाबोटाने पुढे सरके. सुताचे पैसे सावकाराकडून उचल घेऊन आलेले, लुगडेही बहुधा त्याच सावकाराला द्यायचे. सुताचा भाव आणि लुगड्याचा भाव यांच्यामधली जी फट, तीत त्या घराचे पोट.

त्या वर्षी सरकारने परदेशी सुतावरच्या जकातीचा नियम बदलला. किमतीवर पाच टक्के किंवा पौंडाला दीड आणा, यांतली जी रक्कम जास्त ती भरायची. वाचायला साधे, पण हिशेब मांडला की त्यातली मेख कळते. पाच टक्क्यांनी दीड आणा भरायला सुताचा भाव पौंडाला तीस आणे असावा लागतो. त्याहून स्वस्त सुताला सरसकट दीड आणा. म्हणजे सूत जितके जाडेभरडे आणि स्वस्त, तितकी ही जकात जड. दहा पौंडांच्या बंडलावर पंधरा आणे, रुपयाला फक्त एक आणा कमी.

कोणी म्हणेल, सोलापूरचा विणकर बरेचसे सूत देशी गिरण्यांचेच घेत होता, त्याला परदेशी सुतावरच्या जकातीचे काय? पण बाजार तसा चालत नाही. परदेशी बंडल महागले की देशी बंडलाला वर सरकायला जागा मिळते. आणि ते देशी बंडल विकणारी गिरणी परमुलखात नव्हती. तिचा भोंगा साखर पेठेत ऐकू येत होता.

परदेशी व्यापाराची झळ किंवा लाभ ‘देशाला’ होतो असे आपण सहज बोलून जातो. मला सोलापूरचा इतिहास वाचताना तो देश कुठे सापडत नाही. सापडतात ती माणसे: सूत विकणारा गिरणीवाला, सूत घेणारा विणकर, कापूस पिकवणारा शेतकरी आणि लुगडे नेसणारी त्याची बायको. एकच जकात या चौघांच्या दारी चार वेगवेगळ्या रूपांत आली.

०

सोलापूरला परदेशी व्यापार आला तो रुळांवरून. १८६० मध्ये जी.आय.पी. रेल्वे सोलापुरात पोचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या संस्थानांचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि मुंबईने रेल्वेच्या वाटेने आत, दख्खनच्या काळ्या जमिनीकडे. कापसाला कधी न मिळालेला भाव मिळाला. शेतकऱ्याची पत वाढली, सावकार आपण होऊन दारात येऊन कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि इकडचा भाव कोसळला. कर्ज मात्र भाव चढा असतानाच्या मापाने घेतलेले होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळली गेली. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

याच दरम्यान, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाने जिल्हा होरपळत असताना, १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. मुंबईचे मोरारजी गोकुळदास हे तिच्यामागचे भांडवलदार. लोक आजही तिला ‘जुनी मिल’ म्हणतात. कापूस जवळ, रेल्वे दाराशी, आणि दुष्काळाने गाव सोडून आलेले हात स्वस्त. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या.

गिरणीमुळे हातमाग मेला, असा एक ठोकळेबाज समज आहे. सोलापुरात उलट घडले. गिरणी सूत काढू लागली तसे निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, पद्मशाली विणकरांचे तांडे सोलापूरकडे वळले. शहराचा पूर्व भाग मागांच्या खडखडाटाने भरला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तो याच लोकांचा. घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या विणकराने महाराष्ट्राच्या शेतकरणीला लुगडी पुरवली. गिरणीच्या सुतावर त्याचा माग चालला. पण हीच गिरणी स्वतःही साडी विणत होती, तेही स्वतःच्या घरच्या भावाच्या सुतातून. म्हणजे विणकराला माल पुरवणारा आणि त्याच्याशी स्पर्धा करणारा एकच.

०

आता लँकेशायरची गोष्ट, कारण तिच्याशिवाय दीड आण्याचा अर्थ लागत नाही.

मँचेस्टरच्या दबावाने १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात पूर्ण उठली होती. १८९४ मध्ये सरकारी तिजोरीला पैसा हवा म्हणून ती पाच टक्क्यांनी परत आली. लँकेशायरने ओरड केली. १८९६ मध्ये तडजोड झाली: विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच कापडावर कर, आणि तो परक्याच्या सोयीसाठी. यापेक्षा उघड अन्याय शोधूनही सापडायचा नाही. टिळकांनी त्या वर्षी महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली ती यामुळेच.

पण त्या कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या की सोलापूरच्या पूर्व भागाला त्यांचा आधारच झाला. अबकारी फक्त गिरणीच्या कापडावर होती, हातमागाचे कापड मोकळे. आणि सुतावरची जकात पूर्ण काढून टाकली होती. गिरणीवाल्याच्या पाठीवर बसलेला हा आसूड विणकराला चाटूनही गेला नाही. १८९६ ते १९२२, सव्वीस वर्षे परदेशी सूत जकातीविना आले. लँकेशायरने विणकरावर दया केली नव्हती, आपल्या सूत गिरण्यांची सोय पाहिली होती. तरी परिणाम व्हायचा तो झाला. व्यापाराच्या इतिहासात हेतू आणि परिणाम यांची अशी ताटातूट पावलोपावली दिसते.

पहिल्या महायुद्धाने हे सगळे चित्र हलवले. जर्मनीहून येणारे रासायनिक रंग थांबले आणि लुगडी रंगवणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. विलायती सूत आणि कापड येईना. गिरण्यांना सुगी आली. आणि त्या मोकळ्या जागेत एक नवा खेळाडू शिरला, जपान.

जपान नवा म्हणायचा तो कापड विकणारा म्हणून. कापूस घेणारा म्हणून तो जुनाच होता. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या मदतीने निप्पॉन युसेन कंपनीची आगबोट मुंबईहून कोबेला जाऊ लागली, तेव्हापासून दख्खनचा आखूड धाग्याचा कापूस तिकडे चालला होता. लँकेशायरला हा कापूस नको असे, त्याला अमेरिका आणि मिसरचा लांब धागा हवा. जपानने आखूड धाग्यात दुसरा कापूस मिसळून सूत काढायची कला साधली होती. मुंबईच्या बाजारात ‘बार्शी-नगर’ नावाने जो कापूस विकला जायचा, त्याचे खरे गिऱ्हाईक तेच. बार्शीची पेठ या व्यापारावर फुगली. निजामाच्या मराठवाड्यातून गाड्याच्या गाड्या तिथे येत. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. तिच्या डब्यांतून मुंबईकडे निघालेल्या गाठी पुढे समुद्रापार जात, आणि त्यांतल्या काही कापड होऊन त्याच रुळांनी परत येत.

०

१९२२ मध्ये सुतावर पाच टक्के जकात आली. १९२५ च्या डिसेंबरात ती बदनाम अबकारी थांबवली गेली आणि १९२६ मध्ये कायमची गेली. गिरणीवाल्यांची तीस वर्षांची लढाई जिंकली गेली. पण तोवर लढाईचे मैदानच बदलले होते. चीनचा सुताचा बाजार जपानने हिंदी गिरण्यांच्या हातून काढून घेतला होता आणि आता तो इथल्या बाजारात उतरला होता. जपानी गिरण्या रात्रपाळीला बायकांना राबवतात, ही बरोबरीची स्पर्धा नव्हे, असे मुंबईच्या गिरणीवाल्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. त्यातून १९२७ चा दीड आणा निघाला. सुतावर जकात वाढवली तर हातमागवाल्याला झळ बसेल, हा मुद्दा तेव्हाही मांडला गेला होता. पण त्या वेळी गिरणीवाल्यांचे मंडळ मुंबईत होते, संघटित होते, त्यांचे लोक कायदेमंडळात बसत होते. साखर पेठेतल्या विणकराचा आवाज सावकाराच्या ओट्यापलीकडे जात नव्हता.

१९३० मध्ये आणखी एक ओझे आले, आणि ते सरकारने टाकलेले नव्हते. सविनय कायदेभंगात विलायती कापडावरचा बहिष्कार जोरात होता. सोलापूरने त्या वर्षी जे केले ते देशात फार थोड्या शहरांनी केले. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहर पेटले, पोलिसांचा गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजी सत्ता शहरात नावापुरतीही उरली नाही, मग लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. या शहराच्या स्वदेशीबद्दल बोलताना हे चौघे समोर असतातच, असायलाच हवेत.

पण त्याच शहरात हातमागावरचे लुगडे स्वदेशी मानायचे की नाही, हा प्रश्न उभा होता. माग इथला, विणकर इथला, पण काठाचे बनावट रेशीम इटलीचे किंवा जपानचे, बारीक सूत विलायती. काँग्रेसने परदेशी सूत आणि बनावट रेशीम दोन्ही निषिद्ध ठरवले. गिरणीला देशी सूत घरचेच होते, तिला शुद्ध ठरणे सोपे गेले. चकचकीत काठाच्या लुगड्यावर जगणाऱ्या विणकराला ते जमणारे नव्हते. त्याचे देशप्रेम कोणाहून कमी नव्हते. त्याच्या हातात जे सूत येई त्याचे मूळ गाव निवडण्याची ऐपत त्याला नव्हती.

०

मंदी आली होती. १९२९ नंतर दोन-तीन वर्षांत कापसाचा भाव निम्म्यावर आला. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले, येन घसरला आणि जपानी कापड आणखी स्वस्त झाले. इकडे रुपया १९२७ पासून एक शिलिंग सहा पेन्सला बांधलेला, त्यामुळे बाहेरचा माल स्वस्त आणि आपला कापूस बाहेर महाग. १९३२-३३ मध्ये जपानी कापडाची आयात ब्रिटनच्या कापडाच्या अगदी जवळ जाऊन ठेपली.

सरकारने जकातीचा पारा चढवत नेला. १९३० मध्ये ब्रिटिश कापडावर १५ टक्के, इतरांवर २०. पुढच्या वर्षी अधिभार धरून २५ आणि सव्वाएकतीस. सुतावरचा दीड आणाही त्या अधिभाराने पावणेदोनच्या पुढे गेला. ऑगस्ट १९३२ मध्ये बिगर-ब्रिटिश कापडावर ५० टक्के. जून १९३३ मध्ये ७५.

या पंचाहत्तर टक्क्यांकडे बार्शीजवळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरातून पाहा. ज्वारीला भाव नाही, कापसाला भाव नाही, शेतसारा आणि व्याज मात्र जुन्याच आकड्यांनी. अशा वर्षी आठवडी बाजारात जपानी कापड मिळते, पातळ आहे, टिकायचे नाही, पण चार पोरांच्या अंगावर घालता येते. त्याच्या किमतीवर सरकारने पाऊणपट जकात चढवली. गिरणी जगावी म्हणून. गिरणी जगायला हवी हे खरे, सोलापुरात हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर होती. पण तिच्या जगण्याची वर्गणी त्या घरातून गोळा होते आहे, हे कोणी त्या घराला विचारले नव्हते.

आणि मग जपानने उलट घाव घातला. त्या उन्हाळ्यात जपानी गिरण्यांच्या संघाने हिंदी कापूस घ्यायचा नाही असे ठरवले. हिंदुस्थानच्या कापसाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक एका ठरावाने बाजारातून उठले. कापडावरची जकात कापसाच्या शेतात येऊन आदळली. ज्या शेतकऱ्याने जपानी कापडासाठी जास्त पैसे मोजले, त्याच्याच गाठी आता मुंबईच्या गोदीत पडून राहण्याची वेळ आली.

सप्टेंबर १९३३ मध्ये शिमल्यात बोलणी सुरू झाली. हिंदुस्थान सरकारच्या बाजूने व्यापारमंत्री सर जोसेफ भोर. भोर समिती म्हणून पुढे आरोग्यव्यवस्थेच्या संदर्भात ज्यांचे नाव राहिले तेच हे, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचे. जपानच्या बाजूने सेत्सुझो सावादा. दरम्यान ऑक्टोबरात मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांनी लँकेशायरच्या क्लेअर-लीज यांच्याशी वेगळाच करार करून टाकला. ब्रिटिश कापडाला सवलत, बदल्यात लँकेशायर हिंदी कापूस जास्त वापरण्याचा प्रयत्न करील. मोदींवर त्यासाठी खूप टीका झाली आणि ती रास्त होती. १९३० मध्ये ज्या कापडाच्या होळ्या झाल्या, त्याच्याशी गिरणीमालकांनी तीन वर्षांत हातमिळवणी केली होती.

शिमल्याची बोलणी दिल्लीत गेली आणि जानेवारी १९३४ मध्ये जपानशी समझोता झाला. त्याचे सूत्र पाहण्यासारखे आहे. जपानने दहा लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकता येईल. पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार. जकात ७५ वरून ५० टक्के. शेतकऱ्याचा कापूस आणि गिरणीचे कापड एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालून वजन केले. माझ्या मते त्या काळातला हा सर्वांत शहाणा करार होता, कारण कापूस विकणाऱ्याचे हित त्यात पहिल्यांदा आकड्यांत लिहिले गेले. जपानी व्यापारीही हुशार. कापडाच्या ठाणांवर मर्यादा घातली तर ते तुकड्यांची गाठोडी आणि बनावट रेशमाचे कापड पाठवू लागले.

मात्र त्या तराजूत तिसरे पारडे नव्हते. विणकर त्यात कुठेच नव्हता.

०

त्याची आठवण कायदेमंडळात झाली ती १९३४ मध्ये, कापड संरक्षणाच्या नव्या कायद्याच्या वेळी. सुतावरच्या जकातीने हातमाग मरतो आहे अशी तक्रार झाली, तेव्हा सरकारने कबूल केले की पन्नास नंबरपर्यंतच्या परदेशी सुतावरच्या जकातीतून पौंडाला पाव आणा हातमागाच्या मदतीसाठी बाजूला काढू. मुंबई इलाख्यात त्या पैशातून विणकरांना सूत-रंग पुरवणारे आणि त्यांचा माल विकणारे सहकारी संघ उभे राहिले. ते काम चांगलेच होते. पण हिशेब डोळ्यांसमोर ठेवा: घेतला आण्याहून जास्त, परत केला पाव आणा. आणि घेतला तो प्रत्येक मागाकडून, परत केला तो जिथवर संघ पोचला तिथवर.

संरक्षणाचा लाभ गिरणीच्या फाटकाच्या आत सगळ्यांना पोचला असेही झाले नाही. त्याच १९३४ च्या सुरुवातीला सोलापूरच्या गिरणी कामगारांनी पगारकपातीविरुद्ध मोठा संप केला. जपानी कापडावर पन्नास टक्के भिंत उभी होती आणि तिच्या आडोशाला मजुरी कापली जात होती.

सोलापूरचा विणकर तरीही संपला नाही. त्याने बनावट रेशमाचे नवे काठ काढले, पक्के रंग आणले. पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आले, लुगड्याच्या जागी चादर आणि टॉवेल आले. जुनी मिल कधीच बंद पडली, बाकीच्याही बहुतेक गेल्या, भोंगा थांबला. पूर्व भागातली खडखड अजून ऐकू येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरचा टॉवेल परदेशी जातो.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, टॉवेलही त्यात आला. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, भारत सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठवली, म्हणजे कापड आणि टॉवेल बनवणाऱ्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. मराठवाडा आणि विदर्भात त्या दिवसांत कापूस बोंडावर होता, आणि त्याची वेचणी सुरू होते दसऱ्याच्या आसपास.